व्हीपीएनसाठी केबल घ्यावी की डीएसएल ठेवावं? तार ओळखण्यापासून मोजमापापर्यंत

केबलवाल्याकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन आणि टेलिफोनच्या तारेवरच्या नेटला, म्हणजे डीएसएलला, जेमतेम १२. एवढं कळलं की बहुतेकांचा निर्णय होऊन जातो, आणि महिन्याभरात तक्रार सुरू होते: "भाऊ, नेट चालू शे, पण व्हीपीएन तुटस." यूट्यूब पळतंय, स्पीडटेस्टचा काटा ९० वर जातोय, पण पुण्याच्या ऑफिसातलं रिमोट डेस्कटॉप अडखळतं, टॅलीत टाकलेला आकडा दोन सेकंदांनी उमटतो आणि मीटिंगमध्ये समोरच्याला आपला आवाज तुटक ऐकू जातो.

प्लॅनवरचा आकडा डाउनलोडचा असतो, तोही लाईन रिकामी असतानाचा. व्हीपीएनवरच्या, म्हणजे इंटरनेटमधून ऑफिसच्या जाळ्यात जाणाऱ्या कुलूपबंद वाटेवरच्या कामाला वेगळे तीन आकडे लागतात: अपलोड किती, ते अपलोड भरलं की पिंग (डेटाचा तुकडा, म्हणजे पॅकेट, जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) कुठवर चढतो, आणि रात्री नऊला या दोन्हींचं काय होतं. हे तीन मोजल्याशिवाय ना केबलचा अर्ज भरा, ना टेलिफोनची लाईन कापा.

खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच लागतील.

आधी घरात कोणती तार येते ते बघा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे "केबलचं नेट" या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, आणि व्हीपीएनच्या दृष्टीनं त्या तिघींचं वागणं वेगळं आहे.

पहिली खरी केबल, म्हणजे टीव्हीचीच गोल जाड तार. मध्ये तांब्याची एकच काडी, टोकाला आट्यांचा एफ कनेक्टर, आणि ती डॉक्सिस प्रकारच्या केबल मॉडेममध्ये जाते. इंटरनेटवरचे केबल विरुद्ध डीएसएलचे बहुतेक लेख हिच्याबद्दलच असतात. आपल्याकडे ही कमी.

दुसरी गच्चीवरून येणारी लॅनची तार. आत चार जोड्यांत आठ बारीक तारा, टोकाला आरजे-४५. केबलवाल्याचं फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत येतं, कुणाच्या तरी जिन्यात स्विच बसवलेला असतो आणि तिथून घरोघरी लॅन जाते.

तिसरी थेट घरापर्यंत आलेलं फायबर. पातळ तार, हिरवा किंवा निळा प्लास्टिकचा कनेक्टर आणि ओएनयू नावाची डबी. केबलवाल्यानं दिलं असलं तरी हे केबल नव्हे, फायबरच. तुमच्याकडे हे असेल तर डीएसएलशी तुलना तिथेच संपली. फक्त पुढचे एमटीयू, सीजीनॅट आणि लाईट गेल्यावरचे भाग वाचा.

डीएसएल ओळखायला सोपं: टेलिफोनच्या दोन तारा, आरजे-११चं छोटं टोक, स्प्लिटर, मग मॉडेम. मॉडेमच्या पानावर एडीएसएल२+ लिहिलंय की व्हीडीएसएल२ तेही बघून ठेवा, दोघांत बराच फरक आहे. एडीएसएल२+ ची कागदावरची मर्यादा डाउनलोडला २४ एमबीपीएस आणि अपलोडला साधारण १ ते १.४.

एडीएसएलवर व्हीपीएन लावला की स्पीड का पडतो

"व्हीपीएन एन्क्रिप्शन करतो म्हणून स्लो होतो" हे उत्तर अर्धवट आहे. आजच्या लॅपटॉपला १०-१५ एमबीपीएसचं एन्क्रिप्शन म्हणजे काहीच नाही. खरी गोम तारेवर आहे.

एडीएसएलमध्ये डेटा एटीएमच्या डब्यांतून जातो. प्रत्येक डबा ५३ बाइटचा, त्यात माल ४८ बाइटचा, उरलेले ५ नुसता पत्ता. डबा अर्धा भरला तरी पूर्ण डबाच जातो. शिवाय प्रत्येक पॅकेटला पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं लाईन जोडायची पद्धत), इथरनेट वगैरेंची मिळून सुमारे ४० बाइटची पुरवणी लागते.

आता वायरगार्ड या व्हीपीएन प्रकाराचं उदाहरण घ्या. तो प्रत्येक पॅकेटला ६० बाइट जोडतो आणि आतला माल १६ च्या पटीत भरून घेतो. डाउनलोड चालू असताना तुमचा संगणक सतत "मिळालं, मिळालं" अशी ४० बाइटची पोच परत पाठवत असतो. व्हीपीएन नसताना ही पोच ४० अधिक ४०, म्हणजे ८० बाइट. दोन डब्यांत मावते, तारेवर १०६ बाइट. व्हीपीएन लावला की तीच पोच आधी ४८ ची होते, मग १०८ ची, पुरवणीसकट १४८. तीन डब्यांत १४४ मावतात. चार बाइटसाठी चौथा डबा लागतो आणि तारेवर २१२ बाइट जातात. बरोबर दुप्पट.

साधारण दर दोन पॅकेटमागे एक पोच धरा. अपलोड ५१२ केबीपीएस असेल, तर नुसत्या पोचांनीच ते भरून जातं आणि व्हीपीएनमधून डाउनलोड ६.६ एमबीपीएसच्या वर जाऊ शकत नाही. व्हीपीएन नसताना हीच मर्यादा १४ एमबीपीएस होती. म्हणजे लाईनला १२ मिळत असताना व्हीपीएनवर साडेसहा दिसले, तर सर्व्हर बदलून, ॲप बदलून काही होणार नाही. अपलोड १ एमबीपीएस करून मिळालं तर ती मर्यादा आपोआप १३ च्या आसपास जाते. म्हणून डीएसएलवाल्यांनी एक्स्चेंजकडे डाउनलोडच्या आधी अपलोडचं प्रोफाइल मागावं.

मोठ्या फाइलींना मात्र याची झळ कमी बसते. पॅकेट भरलेलं असलं की व्हीपीएनसकट सुमारे ८१ टक्के उपयोगी माल जातो, व्हीपीएनविना ८६. १०२४ केबीपीएसच्या अपलोडवर २५ एमबीची फाइल व्हीपीएनमधून ऑफिसला पोचायला चार मिनिटं लागतील, ५१२ वर आठ. याहून जास्त वेळ लागत असेल तर दोष लाईनमध्ये किंवा एमटीयूत, म्हणजे पॅकेटच्या कमाल लांबीत, आहे.

व्हीडीएसएल२ मध्ये हे डबे सहसा नसतात, त्यामुळे दुपटीचा हा हिशेब तिथे लावू नका.

भरलेलं अपलोड

दुसरा घोटाळा जास्त त्रासाचा. मॉडेममध्ये पाठवायच्या पॅकेटांची रांग असते. समजा रांगेची जागा १२८ केबी, म्हणजे १०२४ किलोबिट आहे. ५१२ केबीपीएसच्या अपलोडला ती रिकामी करायला दोन सेकंद लागतात. घरात कुणाच्या मोबाइलचा फोटो बॅकअप सुरू झाला की रांग भरते आणि तुमची प्रत्येक की, माउसची प्रत्येक हालचाल त्या रांगेच्या शेपटाला उभी राहते. टॅलीत आकडा दोन सेकंदांनी उमटतो तो यामुळे. तीच १२८ केबीची रांग ५० एमबीपीएसच्या अपलोडवर २१ मिलिसेकंदांत रिकामी होते. केबल आणि डीएसएल यांच्यातला व्हीपीएनसाठीचा सगळ्यात मोठा फरक हाच आहे.

इलाज दोन. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत सॉफ्टवेअर) चालत असेल तर त्यातलं एसक्यूएम, म्हणजे रांग आवरणारी सोय, लावा, प्रकार केक. एडीएसएलसाठी लिंक लेयर एटीएम, ओव्हरहेड ४४, आणि अपलोडची मर्यादा मॉडेमच्या सिंक स्पीडच्या (मॉडेम आणि एक्स्चेंज यांच्यात जुळलेल्या वेगाच्या) ९० टक्के: सिंक १०२४ असेल तर ९२०. एवढ्यानं भरलेल्या लाईनवरचा पिंग हजारांतून शंभराच्या आत येतो. हे जमण्यासारखं नसेल तर रांग भरणाऱ्यालाच आवरा. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये अपलोडचा वेग बांधून देता येतो; तिथे सेकंदाला ४० केबी टाका. मोबाइलचे बॅकअप रात्री झोपताना.

टेलिफोनच्या तारेची तब्येत

मॉडेमचं पान उघडा, बहुधा १९२.१६८.१.१ वर. त्यात डीएसएल स्टेटस शोधा आणि चार आकडे कागदावर उतरवा.

लाईन अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून येताना सिग्नल किती विरला. ०.५ मिमीच्या तारेवर साधारण १४ डीबीला एक किलोमीटर धरतात. ३० च्या खाली उत्तम, ४५ पर्यंत चालेल, ६० च्या पुढे व्हीपीएनचा विचार सोडा. हा आकडा तुमच्या हातात नाही. घर एक्स्चेंजपासून चार किलोमीटरवर असेल तर आहे तेवढंच.

एसएनआर मार्जिन, म्हणजे तारेवरच्या गोंगाटापुढे सिग्नलची शिल्लक, ६ डीबीच्या वर हवं, १० असेल तर निर्धास्त. हा आकडा दुपारी आणि रात्री वेगवेगळा दिसतो, दोन्ही वेळा बघा. सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) आत्ता किती आणि तासाभरानं किती, तेही लिहा. तासाला शेकड्यांनी वाढत असतील तर कुठला तरी जॉइंट सैल आहे. चौथा आकडा सिंक स्पीड, वर आणि खाली दोन्ही.

मार्जिन कमी आणि सीआरसी जास्त असेल तर लाईनमनला बोलावण्याआधी घरातलं बघून घ्या. मॉडेम थेट बाहेरून येणाऱ्या पहिल्या खोक्यावर, स्प्लिटर काढून, लावून बघा. आकडे सुधारले तर दोष घरातल्या वायरिंगमध्ये आहे. वरच्या मजल्यावर नेलेली जोडतार, फिल्टर न लावलेला दुसरा फोन, दाराच्या बेलच्या साध्या तारेनं वाढवलेली लाईन, हे नेहमीचे गुन्हेगार. फोन वाजला की व्हीपीएन तुटतो, हे लक्षण तर सरळ फिल्टरचं. घरात सगळं ठीक असेल तर दोष खांबावरच्या डीपीत. इथे डीपी म्हणजे टेलिफोनच्या जोड्यांची पेटी. शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवाल्या डीपीशी गल्लत करून वायरमनला बोलावू नका. लाईनमन आला की "नेट स्लो आहे" म्हणू नका, आकड्यांचा कागद दाखवा: सकाळी मार्जिन ११, दुपारी ५, तासाला सीआरसी ८०० असं दिसलं की तो जॉइंट शोधतो, नाहीतर मॉडेम बंद-चालू करून जातो.

अटेन्युएशन कमी आणि लाईन स्वच्छ असूनही पहिल्या टप्प्याचा पिंग ३०-४० येत असेल तर एक्स्चेंजवर इंटरलीव्हिंग चालू आहे. डेटा फेटून पाठवायची ती पद्धत चुका कमी करते पण वेळ खाते. फास्ट पाथ करून मागा. वाईट लाईनवर मात्र हे मागू नका. पिंग कमी होईल आणि पॅकेट गळायला लागतील, त्यापेक्षा आहे ते बरं.

मे महिन्यात तांब्याचा रोधही वाढतो, अंशामागे सुमारे ०.३९ टक्के. जानेवारीतल्या १५ अंशांच्या सकाळी घेतलेलं मोजमाप आणि ४५ अंशांच्या दुपारचं मोजमाप यांत तारेचा रोध १२ टक्क्यांनी वेगळा असतो. सिग्नलची घट तेवढ्या प्रमाणात वाढत नाही, पण ज्या लाईनचं मार्जिन मुळातच ६-७ आहे ती दुपारी दोनला तुटायला तेवढं पुरतं. थंडीत लाईन तपासून घेतलीत तर उन्हाळ्यासाठी तीन-चार डीबी हातचे ठेवा.

केबलवर काय बिघडतं

गच्चीवरच्या लॅनचा पहिला शत्रू अंतर. तांब्याच्या लॅनची मर्यादा १०० मीटर. मध्ये स्विच न देता दीडशे मीटर ओढलेली तार चालते खरी, पण पॅकेट गाळत चालते. साध्या ब्राउझिंगमध्ये ते कळत नाही, व्हीपीएनवर लगेच कळतं. लॅपटॉपला तार थेट लावा आणि लिंक स्पीड बघा: १०० किंवा १००० च्या जागी १० दिसले तर तार खराब आहे किंवा टोक नीट दाबलेलं नाही. उन्हानं गच्चीवरच्या तारेचं वरचं आवरण तडकतं, पहिल्या पावसात पाणी आत जातं, आणि माकडं असतील तर बोलायलाच नको. बाहेरच्या तुकड्यासाठी काळ्या आवरणाची, ऊन सोसणारी तार मागा. पांढरी-करडी घरातली तार बाहेर दोन उन्हाळे काढत नाही.

दुसरी गोष्ट वाटणी. एका स्विचमागे पन्नास घरं आणि स्विचकडे येणारी मूळ लाईन १०० एमबीपीएसची, असं असेल तर तुमचा १०० चा प्लॅन सकाळी अकरापर्यंतच. आयपीएलच्या दिवसांत रात्री आठ ते अकरा काय होतं हे अर्ज भरण्याआधी शेजाऱ्याकडे बसून मोजा. डीएसएलची तार निदान एक्स्चेंजपर्यंत एकट्याची असते, म्हणून रात्री ती कमी डगमगते. गर्दी पुढे एक्स्चेंजवर झाली तर तिलाही झळ बसते, पण सहसा कमी.

खऱ्या डॉक्सिस केबलवाल्यांसाठी थोडक्यात: मॉडेमचं पान बहुधा १९२.१६८.१००.१ वर. डाउनस्ट्रीम पॉवर उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या आत, एसएनआर ३३ च्या वर, अपस्ट्रीम पॉवर ३५ ते ५० च्या दरम्यान. अपस्ट्रीम ५० च्या वर असेल तर मॉडेम ओरडून बोलतोय असं समजा, व्हीपीएन केव्हाही तुटेल. टीव्हीसाठी लावलेला दोन फाट्यांचा स्प्लिटर ३.५ डीबी खातो. मॉडेमला पहिल्या फाट्यावर थेट घ्या, टीव्हीचे पुढचे फाटे नंतर. या तंत्रात अपलोडसाठी मॉडेमला आधी परवानगी मागावी लागते, म्हणून डाउनलोड ठणठणीत असताना अपलोडचा पिंग संध्याकाळी उड्या मारतो. गळतीची तक्रार करताना ही वेळ सांगा.

सीजीनॅट आणि दर दोन मिनिटांनी तुटणारा व्हीपीएन

राउटरच्या पानावर वॅनचा आयपी बघा. तो १०० नं सुरू होऊन त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, किंवा तो १० नं सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एका आयपीत अनेक घरं. लहान केबलवाल्यांकडे हे सर्रास. घरातून ऑफिसात व्हीपीएन जोडायला ते आड येत नाही. बाहेरून घरच्या किंवा दुकानातल्या संगणकात शिरायचं असेल तर मात्र स्थिर आयपी वेगळा विकत घ्यावा लागतो, नाहीतर व्हीपीएनचा सर्व्हर बाहेर कुठेतरी भाड्यानं घेऊन दोन्ही टोकं तिथे जोडावी लागतात.

सीजीनॅटचा दुसरा त्रास म्हणजे शांतता त्याला सोसत नाही. यूडीपीवर (पोच न मागता पॅकेट पाठवायची पद्धत) काही काळ काही गेलं नाही की तो वाट बुजवून टाकतो. चहा पिऊन आलात आणि सेशन मेलेलं असेल तर कारण हेच. वायरगार्डमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ टाका. ओपनव्हीपीएनमध्ये कीपअलाइव्ह १० आणि ६०. जुना पीपीटीपी अजून वापरात असेल तर तो अशा नॅटमधून अनेकदा जातच नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीनंही तो कधीच बाद झाला आहे. ऑफिसला आयकेईव्ही२ किंवा वायरगार्ड मागा.

यूडीपी चालत असेल तर टीसीपी (पोच मागणारी पद्धत) ४४३ वरचा व्हीपीएन निवडू नका. टीसीपीच्या पोटात टीसीपी घातला की एक पॅकेट हरवल्यावर आतलाही परत पाठवतो आणि बाहेरचाही. थोडी गळणारी डीएसएल लाईन त्यात पार बसते. केबलवाल्याच्या जाळ्यात यूडीपी अडत असेल तेव्हाच ४४३.

एमटीयू: जोडलं जातं पण उघडत नाही

व्हीपीएन जोडला जातो, छोटी पानं उघडतात, मोठी फाइल सुरू होऊन तिथेच थिजते. हे लक्षण शंभरातल्या नव्वद वेळा एमटीयूचं. पीपीपीओईवर, म्हणजे डीएसएलवर आणि युजरनेम-पासवर्डवाल्या बऱ्याच केबल-फायबर कनेक्शनवरही, पॅकेटची कमाल लांबी १५०० ऐवजी १४९२ असते.

व्हीपीएन बंद करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहा: पिंग, स्पेस, उणे एफ, स्पेस, उणे एल, स्पेस, १४७२, स्पेस, ८.८.८.८. उत्तर आलं तर एमटीयू १५००. "पॅकेट तोडावं लागेल" अशा अर्थाचा संदेश आला तर १४६४ टाकून बघा; ते चाललं तर एमटीयू १४९२. तेही नाही तर १० नं उतरत जा, चाललेल्या आकड्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. वायरगार्डसाठी त्यातून ८० वजा करा: १४९२ ला १४१२. मूळ सेटिंग १४२० असतं. रस्ता नुसत्या आयपीव्ही४ चा असेल तर तेही १४९२ मध्ये चालून जातं, आयपीव्ही६ आलं की आठ बाइटनं अडतं. १४१२ टाकून मोकळे व्हा. ओपनव्हीपीएनमध्ये एमएसएसफिक्स १३६०.

आता तुलना

सात दिवस, रोज तीन वेळा: सकाळी १०, दुपारी ३, रात्री ९. लॅपटॉप वायफायवर नको, तारेनं जोडलेला. वायफायवर मोजलेलं सगळं मोजमाप वायफायचंच असतं. दोन्ही लाईनी एकाच वेळी घरात नसतील तर केबल ज्याच्याकडे आहे त्याच्या घरी निदान रात्रीचं मोजमाप तरी घ्या.

व्हीपीएन बंद ठेवून ऑफिसच्या गेटवेला पिंग, उणे एन १००. गेटवे उत्तर देत नसेल तर ८.८.८.८. सरासरी, कमाल आणि गळती लिहा. मग व्हीपीएन जोडून ऑफिसच्या आतल्या एखाद्या सर्व्हरला तेच. त्यानंतर २०० एमबीची फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा आणि ती चढत असतानाच तोच पिंग पुन्हा शंभर वेळा. शेवटी व्हीपीएनसह आणि व्हीपीएनविना अपलोड-डाउनलोड. दहा मिनिटांचं काम आहे.

आकडे असे वाचा. गळती १ टक्क्याच्या आत हवी. ३ टक्के म्हणजे मीटिंगमध्ये तुमचा आवाज तुटतोच. लागोपाठच्या पिंगमधला फरक ३० मिलिसेकंदांच्या आत असावा. रिमोट डेस्कटॉपला १०० पर्यंतचा पिंग अंगवळणी पडतो, २०० च्या पुढे हात आखडतात. अपलोड भरलेलं असताना पिंग १५० च्या आत राहिला तर ती लाईन व्हीपीएनला चांगली, मग तिचं डाउनलोड २० का असेना. भरल्यावर ८०० दाखवणारी १०० एमबीपीएसची लाईन एसक्यूएमशिवाय कामाची नाही. केबलवर एसक्यूएम लावताना प्लॅनचा आकडा धरू नका, रात्री नऊला मिळालेल्या आकड्याच्या ८५ टक्के धरा.

व्हीपीएन राउटरवरच चालवत असाल तर एकदा लॅपटॉपवर चालवून ताडा. जुन्या एका कोरच्या राउटरवर ओपनव्हीपीएन १०-२० एमबीपीएसच्या वर क्वचितच जातो. अशा वेळी केबल बदलून उपयोग नाही, राउटर बदला किंवा वायरगार्डवर या.

सर्व्हर खरंच मुंबईत आहे का

जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आत. फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. वळणं, राउटर, तारेचा फेरा धरून चांगल्या लाईनवर १० ते २० दिसतात. "मुंबई" असं नाव असलेल्या सर्व्हरला चांगल्या लाईनवरही ६०-७० चा पिंग येत असेल तर तो बहुधा मुंबईत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांचा तपशील पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या सेवांनी भारतातली यंत्रं हलवली आणि भारताचा आयपी सिंगापूर वगैरेहून द्यायला सुरुवात केली. मग तुमचं पॅकेट सिंगापूरला जाऊन मुंबईच्या वेबसाइटवर येतं. हा दोष ना केबलचा ना डीएसएलचा. कर्मचाऱ्यांसाठी कंपनीनं स्वतः ठेवलेल्या व्हीपीएनला तो नियम लागू नाही, त्यामुळे ऑफिसचा गेटवे मुंबई-पुण्यात असेल तर ही अडचण येणारच नाही.

लाईट गेल्यावर

इथे डीएसएल अनेकदा जिंकतं. एक्स्चेंजला बॅटरी असते. तुमच्या मॉडेमला वीज मिळाली की लाईन चालू. गच्चीवरच्या लॅनमध्ये मात्र मधला स्विच ज्याच्या जिन्यात आहे त्याची लाईट गेली की तुमचं नेट गेलं, तुमच्याकडे इन्व्हर्टर असो वा नसो. केबलवाल्याला विचारायचा पहिला प्रश्न प्लॅनचा नको, स्विचला बॅकअप आहे का, हा हवा. घरापर्यंतच्या फायबरवर बहुधा मध्ये वीज लागणारं काही नसतं, फक्त त्याच्या कंट्रोल रूमला आणि तुमच्या डबीला.

राउटर आणि मॉडेमसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट बघा, काही जुनी मॉडेम ९ व्होल्टची असतात. ८,८०० एमएएच लिहिलेला यूपीएस आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ३२ वॉट-तासांचा. १२ वॉटच्या भारावर, गळती धरून, दोन तास. बहुतेक घरगुती राउटरना ४० अंशांपर्यंतच चालवायला सांगितलेलं असतं, म्हणून पत्र्याखालच्या खोलीत, कपाटाच्या वर ते ठेवू नका. खालच्या मजल्यावर भिंतीला मोकळी हवा लागेल असे बसवा. वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की टेलिफोनची आणि गच्चीवरची, दोन्ही तारा मॉडेममधून काढून ठेवा, नुसता प्लग काढून भागत नाही.

काय घ्यावं

घरापर्यंत फायबर मिळत असेल तर तेच, वाद नाही. लॅनवाली केबल घ्यायची असेल तर तीन अटींवर: तार १०० मीटरच्या आत, स्विचला बॅकअप, आणि रात्री नऊला भरलेल्या अपलोडवर पिंग दीडशेच्या आत. यातली एक जरी अट बसत नसेल आणि तुमचं अटेन्युएशन ३० च्या खाली असेल, काम रिमोट डेस्कटॉप आणि ईमेलपुरतं असेल, तर डीएसएल एसक्यूएम लावून चालवा. टॅलीला अर्धा एमबीपीएस पुष्कळ होतो. रोज व्हिडिओ मीटिंग किंवा मोठ्या ड्रॉइंग फाइली असतील तर १ एमबीपीएसचं अपलोड पुरणार नाही, केबल सुधारून घ्या. बीएसएनएल जागोजागी तांब्याची कनेक्शनं फायबरवर नेत आहे, त्यामुळे जुन्या लाईनवर नवं महागडं मॉडेम घेण्याआधी एक्स्चेंजमध्ये तुमच्या भागाचं विचारून या.

डीएसएल आधीपासून घरात असेल तर केबल आली तरी लगेच कापू नका, दुसरी वाट म्हणून ठेवा. वायरगार्ड आणि आयकेईव्ही२ लाईन बदलली तरी बहुधा सेशन सांभाळतात. दोन्ही राउटरना वेगळी रेंज द्या, एकाला १९२.१६८.७१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.७२. दोन्हीकडे मूळची १९२.१६८.१ ठेवलीत आणि ऑफिसातही नेमकी तीच असली, तर व्हीपीएन हिरवा दिसतो, पिंग जातो, आणि ऑफिसचा प्रिंटर शोधताना तुमच्याच घरातला राउटर उघडतो.